हिमालयात दिसेल ते झाड देवदार? ओळखताना या चुका टाळा

हिमाचल-उत्तराखंडला ट्रेकला गेलेली आपली मंडळी सुयांसारख्या पानांचं उंच झाड दिसलं की देवदार म्हणून मोकळी होतात. मनालीच्या पहिल्या ट्रिपला मीपण तेच केलं, नंतर फोटो झूम करून बघितले तर त्यातली बरीचशी झाडं कैल (पाइनचाच एक प्रकार) निघाली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांबून अख्ख्या झाडाचा फोटो काढून अ‍ॅपला विचारणं. वय, बर्फ, गावकऱ्यांनी तोडलेल्या फांद्या, यानं झाडाचा आकार पार बदलतो. त्यापेक्षा जवळ जा, खालची फांदी हातात धरा आणि सुया काडीला कशा लागल्यात ते बघा. तीन-तीनच्या जुडीत, वीतभर लांब असतील तर चीड (हाही पाइनच). पाच-पाचच्या जुडीत, नाजूक, खाली लोंबणाऱ्या असतील तर कैल. आखूड सुयांचे गच्च झुबके असतील तर देवदार, पण इथेच खूप जण फसतात कारण देवदारच्या फांदीच्या कोवळ्या टोकाला सुया सुट्या असतात, म्हणून थोडं मागे, जुन्या भागाकडे बघायचं.

सगळ्याच सुया सुट्या असल्या तर सुई दोन बोटांत फिरवा. सहज फिरली तर स्प्रूस (तिकडे राई म्हणतात), चपटी असून फिरत नसेल तर बहुतेक फर. स्प्रूसची सुया गळालेली काडी किसणीसारखी खरखरीत लागते, फरची गुळगुळीत.

खाली पडलेला शंकू (या झाडांचं बी ज्यात असतं ते खवल्याखवल्यांचं बोंड) त्याच झाडाचा असं धरून चालू नका, उतारावर तो कुठून घरंगळत येईल सांगता येत नाही. शिवाय देवदार आणि फरचे शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच सुटे होऊन खवले गळतात, त्यामुळे खाली लांबुळका अख्खा शंकू सापडला तर आधी कैल किंवा स्प्रूसचा विचार करा. उंचीपण लक्षात ठेवा, चीड साधारण 2000 मीटरच्या खालचा.

आणि प्लीज, पानं चावून बघू नका! थुनेर नावाचं झाड फरसारखंच चपट्या पानांचं असतं, त्याला शंकूऐवजी लाल रसाळ वाटीत बी येतं, पानं आणि बी दोन्ही विषारी. सालीपायी ते आधीच खूप तोडलं गेलंय, फांदीसुद्धा मोडू नका.

आपल्या कोकणातल्या सुरूलाही लोक पाइन म्हणतात, पण तो देवदार-पाइनच्या गटातलाच नाही, ते फुलझाड आहे. त्याची हिरवी "सुई" ओढून बघा, सांध्यासांध्यावर तुटते, कारण ती पान नसून बारीक फांदी असते.