कडप्प्याचा ओटा न तोडता स्वयंपाकघर नवं करताना

जुन्या इमारतींतल्या वन बीएचकेचं स्वयंपाकघर बरेचदा सात बाय आठ फुटांचं असतं. आठ फुटी भिंतीला लागून कडप्प्याचा ओटा, खिडकीकडच्या टोकाला सिंक, दुसऱ्या टोकाला गॅस आणि खाली उभे कडप्पे लावून केलेले खण. अशा घरात कमी पैशांत काम करायचं असेल तर पहिला निर्णय एकच असतो: ओटा ठेवायचा की तोडायचा. सांगाडा शाबूत असेल तर तो ठेवाच. ओटा काढला की भिंतीचं प्लास्टर निघतं, खालची फरशी तडकते, राडारोडा वाहून न्यायचा खर्च येतो, आणि नवं बांधकाम सुकेपर्यंत आठवडाभर स्वयंपाक बंद राहतो तो वेगळाच.

शाबूत आहे की नाही हे बघायला टॉर्च घेऊन ओट्याखाली बसा. सिंकच्या कटाचे चार कोपरे आधी बघा. कडप्पा तडकतो तो बहुधा तिथूनच. केसाएवढी चीर कोपऱ्यातून निघून पुढच्या कडेपर्यंत गेली असेल तर तेवढा तुकडा बदलावा लागेल. मग प्रत्येक उभ्या कडप्प्याला ओळंबा लावा. वरून खाली पाव इंचापर्यंत फरक असेल तर सुतार सांभाळून घेतो, त्याहून जास्त असेल तर ट्रॉलीचा (सरकत्या खणाचा) विचार तिथे सोडा. ओट्यावर रुपयाचं नाणं आपटत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे कडप्पा खालच्या आधारापासून सुटलेला आहे.

सिंक आणि गॅसची जागा बदलू नका. सिंकचं सांडपाणी जमिनीतल्या ट्रॅपपर्यंत (निचऱ्याच्या तोंडापर्यंत) नेणाऱ्या पाइपाला दर फुटाला पाव इंच ढाळ लागतो. सिंक सहा फूट सरकवलं तर दीड इंच ढाळ आणायचा कुठून? फरशी फोडून. म्हणजे वॉटरप्रूफिंग तुटलं आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. पाइप गॅस असेल तर मीटर आणि पाइप हलवायचं काम कंपनीच्या माणसांनीच करायचं असतं, आणि ती नळी टाइलमागे किंवा बंद खोक्यात गाडायची नसते.

उंची आणि ग्रॅनाइट

ओट्याची उंची घरात जी व्यक्ती जास्त वेळ उभी राहते तिच्या कोपरावरून ठरवा. अनवाणी उभं राहून कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचं आणि त्यातून चार ते पाच इंच वजा करायचे. पाच फूट उंचीच्या बाईला हे माप ३३ इंचांच्या आसपास येतं. जुने ओटे साधारण ३१-३२ इंचांचे असतात, त्यामुळे वर एक इंच चढला तर फायदाच आहे. त्यापेक्षा उंच ओट्यावर पोळी लाटताना जोर मनगटातून न येता खांदे वर उचलून द्यावा लागतो, आणि दहाव्या पोळीला मान भरून येते. शेगडीचीही पाच-सहा इंच उंची त्यात मिळते हे विसरू नका. मोठ्या पातेल्यात डाव फिरवायला हात छातीच्या वर जाऊ लागला तर ओटा उंच झाला असं समजा.

हा एक इंच नेमका ग्रॅनाइट देतो. १६ ते १८ मिमी जाडीचा ग्रॅनाइट जुन्या कडप्प्यावरच बसवता येतो. आठ बाय दोन फुटांचा ओटा म्हणजे १६ चौरस फूट, वजन सुमारे ७० किलो. उभे कडप्पे ठीक असतील तर ते पेलतात. खरी अडचण वजनाची नसते, चिकटण्याची असते. वर्षानुवर्षं फोडणीचं तेल उडून कडप्प्यावर न दिसणारा थर बसलेला असतो, आणि त्यावर सिमेंटची स्लरी ओतली की वर्षभरात ग्रॅनाइट सुटून थपथप वाजू लागतो. म्हणून आधी धुण्याचा सोडा घातलेल्या कडकडीत पाण्याने दोनदा घासून घ्या, पूर्ण सुकू द्या, मिस्त्रीकडून पृष्ठभाग छिन्नीने हलका टाचून घ्या, आणि टाइलवर टाइल बसवायला चालतं ते पॉलिमरचं अधेसिव्ह वापरा. ग्रॅनाइट आणि भिंतीच्या टाइल्स मिळून २० किलोच्या दोन गोण्या पुरतात.

ग्रॅनाइट शक्यतो एका तुकड्यात घ्या. जोड द्यावाच लागला तर तो सिंक आणि शेगडी यांच्या मधल्या मोकळ्या भागात येऊ द्या, सिंकच्या कटावर कधीच नको. कटाचे कोपरे गोल कापून घ्यावेत; काटकोनी कोपऱ्यातून चीर जाते. कटाच्या पुढे किमान अडीच इंचांची पट्टी राहिली पाहिजे. पुढच्या कडेला खालच्या बाजूने एक बारीक खाच मारायला सांगा. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, नाहीतर तेच पाणी ग्रॅनाइटच्या पोटाखालून आत जातं आणि शटरची, म्हणजे ओट्याखालच्या दारांची, वरची कड फुगवतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आठवण केली नाही तर होत नाही.

दुकानात भाव विचारताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा: दगडाचा चौरस फुटाचा दर, कडेच्या मोल्डिंगचा (कडेला गोलाई देण्याचा) रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या फुटाचा दर, आणि सिंकच्या कटाची मजुरी. सिंकमध्ये गेलेला तुकडाही मापात धरतात, त्याबद्दल वाद घालून उपयोग नाही. रंग काळा किंवा गडद घ्या. पांढऱ्या दगडावर हळदीचा डाग पडला की तो निघता निघत नाही.

सिंक

इथे पैसे वाचवू नका. स्टील ३०४ ग्रेडचं हवं. चुंबक लावून खात्री करायची पद्धत फसवी आहे, कारण स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. सिंकवरचा ठसा बघा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. छोट्या ओट्याला निथळायची पाटी जोडलेलं सिंक नको, २१ बाय १८ इंचांचं आणि आठ-नऊ इंच खोल एकच भांडं बरं. कुकर आणि कढई त्यात आडवी बसते. पण जुना कट त्याहून लहान असेल तर जागेवरचा कडप्पा वाढवून कापताना तो तडकू शकतो. कट दोन इंचांपेक्षा जास्त वाढवावा लागत असेल तर १८ बाय १६ वर समाधान माना.

सिंकची किनार कडप्पा आणि ग्रॅनाइटच्या मध्ये दाबून बसवायची पद्धत सर्रास आहे. दिसायला ती नेटकी, पण पुढे सिंक बदलायची वेळ आली तर ग्रॅनाइट फोडावा लागतो. किनार ग्रॅनाइटच्या वर ठेवून बुरशीरोधक सिलिकॉन भरून घ्या. कडेला थोडी घाण साचते, ती जुन्या ब्रशने निघते. सिलिकॉनची एक नळी सहा मिमीच्या रेघेला तीस फुटांच्या आसपास पुरते, म्हणजे सिंक आणि भिंतीकडचा सांधा दोन्ही तीत होतात.

टाइल्स

ओट्याच्या वर दोन फूट टाइल पुरते. दोन बाय एक फुटाची टाइल आडवी लावली तर आठ फुटांत चार, दोन ओळींच्या आठ. गॅसच्या बाजूच्या भिंतीला दोन, फुटीसाठी दोन. बारा झाल्या. एवढ्या कमी मालासाठी दुकानातल्या उरलेल्या लॉटमधून टाइल घ्यावी, खूप स्वस्त पडते, फक्त सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना ते बघा. आधी ग्रॅनाइट, मग टाइल, हा क्रम पाळा. टाइल ग्रॅनाइटवर उभी राहिली की सांधा झाकला जातो आणि पाणी मागे उतरत नाही. गॅसमागच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं तर महिन्याभरात पिवळं होतं, तिथे एपॉक्सी ग्राउटच हवं. ते लवकर कडक होतं, म्हणून वाटीभरच कालवा आणि टाइलवरचा लेप लगेच ओल्या स्पंजाने पुसा. दुसऱ्या दिवशी तो निघणार नाही.

टाइल लावायच्या आधी वीज. इंडक्शन शेगडी २००० वॉटची म्हणजे जवळपास नऊ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि स्वतंत्र एमसीबीपासून (जास्त भार आला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचपासून) आलेली ४ चौरस मिमीची तांब्याची तार हवी. मिक्सर, पाण्याचं फिल्टर वगैरेंना ६ अँपिअरची तीन सॉकेटं पुरतात. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार निघाली तर ती बदलूनच घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. सॉकेट ओट्यापासून आठ-नऊ इंच वर, नळापासून आणि शेगडीपासून दोन फूट दूर.

ओट्याखाली

कडप्प्याचे खण आधीच आहेत, म्हणजे प्लायचे खोके करून घ्यायची गरज नाही. फक्त चौकट आणि शटर. आठ बाय चारचा १८ मिमीचा एक शीट ह्या कामाला पुरतो, पण कापणी नीट ठरवली तरच. जमिनीपासून तीन-चार इंच सोडून शटरची उंची २८ इंच धरा. ९६ इंच लांबीत २८ चे तीन तुकडे निघतात, प्रत्येक ४८ इंच रुंद. दोन तुकड्यांत आठ फुटांची सगळी शटरं झाली. उरलेल्या साडेअकरा इंचांतून दोन इंची पाच पट्ट्या चौकटीला मिळतात, कमी पडल्या तर तिसरा तुकडा आहेच. सुताराने ३२ इंचांचं शटर धरलं तर तीन तुकडे बसत नाहीत, कारण करवत प्रत्येक कापाला सुमारे तीन मिमी खाते. कापणीचा नकाशा कागदावर काढून घेतल्याशिवाय शीटला करवत लावू देऊ नका.

प्लाय आयएस ७१० ह्या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) घ्या. शिक्क्यावर भरवसा नसेल तर दुकानातून हातभर कपटा मागा, त्यातला तीन इंचांचा तुकडा पातेल्यात चार तास उकळा. मानकातली कसोटी ७२ तासांची आहे, पण साध्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायचे थर त्याच्या कितीतरी आधी सुटू लागतात. पार्टिकल बोर्ड स्वस्त असला तरी सिंकजवळ फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू त्यातून उपटून येतात. सिंकखालच्या दोन शटरांसाठी ॲल्युमिनियमची चौकट आणि एसीपी शीट (दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला) हा सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ पर्याय. त्याला पाणीही लागत नाही, वाळवीही.

लॅमिनेट दोन्ही बाजूंनी हवं. बाहेर एक मिमी आणि आत काहीच नाही असं केलं तर पहिल्याच पावसाळ्यात शटर धनुष्यासारखं वाकतं. खालच्या कडेचा एज बँड (कडेवर चिकटवलेली पट्टी) जातीने तपासा: लादी पुसताना पाणी तिथूनच शिरतं. एक शटर १८ इंचांपेक्षा रुंद नको, लोंबतं. २८ इंच उंचीला दोन बिजागऱ्या पुरतात.

चौकट कडप्प्याला अडकवताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं. हॅमर चालू राहिला तर कडप्प्याची खपली निघते आणि स्क्रू हलत राहतो. ट्रॉली एखाद-दुसऱ्या खणातच घ्या, बाकी साधे खण डब्यांना उत्तम. खणाची आतली रुंदी पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, जे माप कमी येईल त्यातून दोन्ही बाजूंच्या चॅनेलचा (ज्यांवर ट्रॉली सरकते) मिळून एक इंच वजा करा, तेवढी ट्रॉली. फक्त पुढचं माप घेऊन आणलेली ट्रॉली निम्मी आत जाऊन अडकते. आणि सुताराला माप टाइल-ग्रॅनाइट झाल्यावरच घेऊ द्या, आधी नाही.

१४.२ किलोच्या सिलिंडरचा खण बंद असेल तर शटरला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं हवीत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, म्हणून खालची भोकं जास्त महत्त्वाची. सुरक्षा नळी दीड मीटरच्या आत ठेवा आणि पाच वर्षांनी बदला.

चिमणीला पैसे नसतील तर खिडकीच्या वरच्या भागात नऊ इंची एक्झॉस्ट बसवा. तो चालू असताना त्याच खिडकीचं शेजारचं तावदान बंद ठेवायचं आणि दार उघडं. तावदान उघडं राहिलं तर पंखा शेजारचीच हवा आत-बाहेर करत बसतो आणि फोडणीचा धूर तिथेच राहतो.

मिस्त्रीचे शेवटचे पैसे देण्याआधी सिंकखाली कोरडं वर्तमानपत्र पसरा. सिंक काठोकाठ भरा, बूच काढा, सगळं पाणी एकदम जाऊ द्या, असं तीनदा. कागदावर एक थेंब दिसला तरी सांधा उघडून पुन्हा बसवून घ्या. मग ओट्याच्या गॅसकडच्या टोकाला तांब्याभर पाणी ओता आणि ते सिंककडे जातं की भिंतीकडे, ते पाहा.