ई-बाईकच्या बॅटरीची पिन काळी पडलीय? आधी हे करून बघा

खड्डा आला की गाडी क्षणभर मेल्यासारखी होते आणि लगेच परत चालू होते, असं होत असेल तर बॅटरी गेली म्हणून डोक्याला हात लावू नका. माझ्या पेडलवाल्या ई-बाईकचं दोन महिने हेच चाललेलं, मी आपला कंट्रोलरला (मोटरला करंट सोडणारा डबा) शिव्या घालत बसलो, आणि एक दिवस बॅटरी काढून खालच्या खाचेत टॉर्च मारला तर प्लसची पिन काळीकुट्ट, तिच्या भोवतीचं प्लास्टिक पिवळं पडून जरासं फुगलेलं.

गणित सोपं आहे. चढावर २० अँपिअर करंट जातोय आणि त्या घाणेरड्या पिनमध्ये नुसता ०.०५ ओहम रेझिस्टन्स तयार झालाय, तर तेवढ्याशा जागेत २० वॅट उष्णता होते. छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, म्हणजे बघा. त्यात गरम झालं की पिन अजून काळी पडते, खाचेतली स्प्रिंग ढिली होते, मग अजून गरम. हे आपोआप थांबत नाही.

हात लावायच्या आधी चार्जर काढा, गाडी बंद करा, बॅटरी बाहेर काढा, आणि अंगठी, कडं, घड्याळ जे काय धातूचं आहे ते उतरवून ठेवा. बॅटरीचं बटण बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच पॅकमध्ये बटण बंद असलं तरी पिनवर व्होल्टेज असतंच, आणि ४८ व्होल्टची बॅटरी फुल असेल तर ते ५४.६ व्होल्ट असतं. दोन पिनांना एकदम स्क्रूड्रायव्हर टेकला तर वेल्डिंगच होईल. मी एक पिन पुसताना दुसरीवर इन्सुलेशन टेप लावतो, कटकट वाटते पण एकदा ठिणगी बघितली की सवय लागते.

आता नीट बघा. हिरवं दिसलं तर पाणी शिरलंय, काळं आणि खड्डे पडलेले दिसले तर ठिणग्या उडतायत किंवा पिन ढिली आहे. हिरवं बहुतेक प्लसच्याच पिनवर जास्त असतं कारण ओल असताना व्होल्टेज चालू राहिलं की तिकडचा तांबा अक्षरशः विरघळत जातो.

आधी कोरड्या टूथब्रशने धूळ झाडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर. बॅटरीवर थेट फवारा मारायचा नाही, कापडावर घ्यायचं आणि पुसायचं, कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत. खाचेत जायला प्लास्टिकच्या पातळ काडीला धागे न सुटणारं कापड गुंडाळा, इअरबडचा कापूस आत अडकून राहतो. नंतर पंधरा-वीस मिनिटं उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या, वास जाईपर्यंत.

सँडपेपर नको. पिनवर पातळ प्लेटिंग असतं, ते घासून गेलं की खालचा उघडा धातू आधीपेक्षा लवकर काळा पडतो. हट्टी डागाला साधा खोडरबर चालतो, फक्त चुरा झाडून टाका. लिंबू-व्हिनेगरनेही हिरवं निघतं, पण फटीत राहिलेलं ॲसिड पुढे खात बसतं. गंज सोडवायचा तेलकट स्प्रेही नको, त्याच्यावर धूळ चिकटते.

एक्सटी६० किंवा एक्सटी९० कनेक्टर, म्हणजे वायरच्या टोकाला असलेला दोन पिनांचा प्लग, असेल तर नुसतं पुसून भागत नाही, तो घट्ट बसतोय का बघा. त्याच्या आतल्या गोल पिनेला उभे काप असतात, पातळ पातं घालून अगदी केसभर फाकवलं की पकड परत येते. ही पिन शक्यतो कंट्रोलरच्या बाजूला असते, तरी बॅटरी काढल्यावर गाडीचं बटण एकदा दाबा म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जाईल.

ग्रीसबद्दल फार गैरसमज आहे. डायइलेक्ट्रिक ग्रीस करंट वाहून नेत नाही, ते फक्त ओल अडवतं. म्हणून रबरी सीलवर आणि पिनच्या कडेला नखभर, खाच भरून नाही. तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथे अजिबात नको, दोन पिनांच्या मध्ये पसरलं तर शॉर्ट.

बॅटरी लावताना टक करून ठिणगी येते ती कंट्रोलरमधले कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) एकदम भरल्यामुळे, आणि त्या ठिणगीनेच खड्डे पडतात. लावताना गाडी बंद ठेवा, एका दमात सरळ बसवा. वायरवाला कनेक्टर असेल तर एक्सटी९०-एस टाकता येतो, त्यात ठिणगी अडवायचा रेझिस्टर आतच असतो.

पाण्याचं म्हणाल तर प्रेशर वॉशर लांब ठेवा, चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण तुटलं असेल तर आधी ते बदला, आणि कनेक्टरच्या अलीकडे वायरला खाली झोका द्या म्हणजे ओघळ तिथेच टपकतो, आत जात नाही.

सगळं करून एक चांगला चढ चढा आणि लगेच उतरून कनेक्टरच्या प्लास्टिकला बाहेरून हात लावा. कोमट ठीक आहे, चटका बसला तर साफसफाईने काम झालेलं नाही. माझं तसंच निघालं, प्लास्टिक फुगलं होतं म्हणजे आतली स्प्रिंग गेलेलीच होती. नुसती गाडीकडची पिनांची पट्टी बदलली तर आठ दिवसात ती पण काळी पडायला लागली, शेवटी बॅटरीकडची बाजूही दुकानातून बदलून घेतली तेव्हा कुठे खड्ड्यातून गाडी सलग जायला लागली.