बेस गिटारवर हार्मोनिक कसे वाजवावेत

हार्मोनिक, म्हणजे मोकळ्या तारेतून निघणारा घंटेसारखा बारीक, उंच स्वर, काढण्यासाठी तार दाबायची नसते, तिला नुसता स्पर्श करायचा असतो, एवढे बेस शिकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) त्या माहितीच्या जोरावर आवाज निघतोही. मात्र पाचव्या किंवा चौथ्या फ्रेटकडे सरकले की नुसता ‘ठप्प’ असा आवाज येतो आणि दोष डाव्या हाताच्या बोटाच्या माथी मारला जातो. माझ्या मते हा दोष बहुधा उजव्या हाताचा असतो, आणि उरलेला डावे बोट कधी उचलले याचा. स्पर्श हलका हवा हे खरेच आहे, पण तो आणखी हलका करत गेल्याने विशेष काही साधत नाही.

तारेत नेमके काय घडते हे एकदा समजून घेतले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. मोकळी तार छेडली की ती पूर्ण लांबीत हलते, आणि त्याच वेळी दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही हलत असते. या भागांच्या सांध्यावर तार जवळजवळ स्थिर राहते. अशा एखाद्या स्थिर बिंदूवर बोट टेकवले, की तो बिंदू ज्या कंपनांत हलायला हवा ती सगळी कंपने मरतात आणि ज्या कंपनांत तो मुळातच स्थिर असतो तेवढीच उरतात. बोटाचे काम म्हणजे नको असलेले स्वर गाळून टाकणे, एवढेच.

बेसच्या तारेची नेहमीची लांबी नटपासून (खुंट्यांकडच्या टेकूपासून) ब्रिजपर्यंत (दुसऱ्या टोकाच्या टेकूपर्यंत) ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. तिचा अर्धा भाग बाराव्या फ्रेटवर येतो, एक तृतीयांश सातव्या फ्रेटवर आणि एक चतुर्थांश पाचव्या फ्रेटवर. ज्यांच्या कानावर आपले संगीत आहे त्यांनी मोकळ्या तारेला खर्जातला सा मानावे, म्हणजे बाराव्यावर त्याच्या वरचा सा, सातव्यावर त्या सा च्या वरचा पंचम आणि पाचव्यावर दोन सप्तके वरचा सा ऐकू येईल. हे तीनही बिंदू फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या जवळजवळ बरोबर डोक्यावर असतात, पट्टीमागच्या मोकळ्या जागेत नसतात. तार दाबताना बोट पट्टीच्या किंचित मागे ठेवण्याची सवय आपण कष्टाने लावून घेतलेली असते. इथे ती सवय आड येते.

चौथ्या फ्रेटजवळचा बिंदू मात्र पट्टीवर नसतो. तारेचा एक पंचमांश म्हणजे नटपासून सुमारे १७३ मिलिमीटर, आणि चौथ्या फ्रेटची पट्टी असते सुमारे १७८ मिलिमीटरवर. म्हणून बोट पट्टीपासून साधारण पाच मिलिमीटर नटच्या बाजूला न्यावे लागते. तिथे निघणारा गंधार पट्टीवर दाबून काढलेल्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला असतो, सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे पाश्चात्त्य अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), आणि ट्यूनर त्याला बेसूर ठरवतो. तंबोरा नीट जुळला आणि जवारी चांगली लागली की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच. तेव्हा तो ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करू नये. त्याच्याही पुढे, तिसऱ्या फ्रेटच्या किंचित ब्रिजच्या बाजूला, सहाव्या भागाचा पंचम मिळतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये सातव्या भागाचा कोमल निषाद, जो पाश्चात्त्य कोमल निषादापेक्षाही बराच उतरलेला असतो. हे दोन सुरुवातीला हाताला लागत नाहीत आणि घाईही नसावी.

आता उजवा हात. बोटे ब्रिजच्या जवळ नेऊन, थोड्या ठामपणे तार छेडावी. यामागे नुसती आवाजाच्या तेजाची आवड नाही. एखाद्या स्वराचा स्थिर बिंदू जिथे असतो तिथेच तार छेडली, तर तो स्वर तारेत उत्पन्नच होत नाही. पाचव्या फ्रेटच्या हार्मोनिकचा एक स्थिर बिंदू ब्रिजपासून पाव लांबीवर, म्हणजे सुमारे २१६ मिलिमीटरवर असतो, आणि २४ फ्रेटच्या बेसवर नेमकी तिथेच फिंगरबोर्ड संपते. पुष्कळ वादक ऊबदार आवाजासाठी तिथेच बोटे ठेवून वाजवतात. डावा हात कितीही अचूक असला तरी त्या जागी छेडून पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक जेमतेमच निघेल. ब्रिजपासून आठदहा सेंटिमीटरवर छेडले तर तोच स्वर लखकन उमटतो. हा प्रयोग एकदा स्वतः करून पाहावा, कारण त्यानंतर डाव्या बोटाला उगीच छळण्याची इच्छा उरत नाही.

तारेचे कंपन पकडून अॅम्पकडे पाठवणाऱ्या पिकअपचेही गणित असेच आहे. ज्या जागी तार स्थिर असते तिथल्या पिकअपला तो स्वर फारसा ऐकूच जात नाही, म्हणून ब्रिजजवळचा पिकअप पूर्ण उघडावा, मानेजवळचा कमी करावा आणि टोनचा नॉब वर न्यावा. एकच पिकअप असेल तर टोन आणि अॅम्पवरचे ट्रेबल यांवर भागवावे लागते. राउंडवाउंड (गोल वेढ्यांच्या, खरबरीत) तारा बऱ्यापैकी नव्या असतील तर काम निम्मे होते. घाम आणि मळ शोषून मेलेल्या तारांवर, किंवा फ्लॅटवाउंड (चपट्या वेढ्यांच्या, गुळगुळीत) तारांवर, पाचव्या भागाच्या पुढचे हार्मोनिक शोधण्यात वेळ घालवू नये. कंप्रेसर (आवाजातील चढउतार कमी करणारे उपकरण) असल्यास स्वर थोडे लांबतात, पण शिकताना तो बंदच ठेवावा, कारण हात कुठे चुकतो आहे हे तो झाकून टाकतो.

बेसच्या चार तारा जाडीपासून बारीकपर्यंत ई, ए, डी आणि जी अशा असतात; पहिला सराव जी तारेवर करावा. ती सर्वांत बारीक असल्याने सर्वांत आधी बोलते, तर ई तारेवर हेच काम सर्वांत अवघड जाते. तर्जनी किंवा अनामिकेचे मऊ पेर बाराव्या पट्टीच्या वर तारेवर टेकवावे, तार खाली जाता कामा नये, आणि उजव्या हाताने छेडल्याबरोबर बोट सरळ वर उचलावे. बोट आधी उचलले तर मोकळ्या तारेचा स्वर मिसळतो. उशिरा उचलले तर बोटाची जाडी स्थिर बिंदूच्या आजूबाजूची तारही धरून ठेवते आणि स्वर गुदमरतो. बाराव्या फ्रेटवर हा उशीर खपून जातो. नटकडे सरकत जावे तसतसे तारेचे भाग लहान होतात आणि तो खपेनासा होतो. त्यामुळे बारा, सात, पाच या क्रमाने जावे, आणि प्रत्येक जागी स्वर आपोआप विरेपर्यंत ऐकावा. तो स्वच्छ विरतो की मध्येच खरखरतो, यावरून बोट वेळेवर उठले की नाही हे कळते.

उरलेल्या तारा गप्प ठेवणे हेही इथे मोठे काम आहे. हार्मोनिक वाजला की मोकळ्या असलेल्या शेजारच्या तारा सहानुभूतीने घुमू लागतात आणि बेसवर त्यांचा आवाज नाजूक हार्मोनिकला सहज गिळून टाकतो. उजव्या हाताचा अंगठा ई आणि ए तारांवर आडवा टेकवावा, आणि डाव्या हाताची रिकामी बोटे उरलेल्या तारांवर सैल पडू द्यावीत.

नैसर्गिक हार्मोनिक जमू लागले की त्यांचा पहिला व्यावहारिक उपयोग सूर जुळवण्यासाठी होतो. ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि ए तारेच्या सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक एकच स्वर देतात, आणि हीच जोडी ए–डी व डी–जी या तारांनाही लागू पडते. दोन्ही एकत्र वाजवून ऐकले तर, तारा जुळलेल्या नसल्यास, आवाज संथपणे वरखाली डोलताना ऐकू येतो. खुंटी फिरवत गेल्यावर हा डोल मंदावतो. तो पूर्ण थांबला की दोन्ही स्वर एक झाले, आणि इथेच बहुतेक जण समाधानाने थांबतात. पण अशा शुद्ध सा–मध्यम अंतराने लावलेली प्रत्येक तार पाश्चात्त्य समविभागी सप्तकाच्या हिशेबात सुमारे दोन सेंट उतरते, आणि जी तारेपर्यंत ही तूट सहा सेंटच्या आसपास जाते. एकट्याने वाजवताना हे खटकणार नाही. कीबोर्डसोबत वाजवायचे असेल तर डोल पूर्ण थांबवू नये: वरची तार किंचित चढी ठेवून ई–ए जोडीत पाच सेकंदांना एक, ए–डी जोडीत चार सेकंदांना एक आणि डी–जी जोडीत तीन सेकंदांना एक असा डोल राहू द्यावा. अर्थात सरळ ट्यूनर लावला तरी कोणी नावे ठेवत नाही.

दुसरा उपयोग तारांची लांबी बरोबर बसली आहे का हे तपासण्यासाठी आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला स्वर चढा निघाला तर ब्रिजवरचे सॅडल (तार जिच्यावर टेकते ती सरकती घोडी) मागे घ्यावे, उतरलेला निघाला तर पुढे घ्यावे, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावूनच पुढची तपासणी करावी.

संगीतात हे स्वर कुठे शोभतात हे ऐकायचे असेल तर अमेरिकी बेसवादक जॅको पास्टोरियसकडे जावेच लागते. त्याच्या १९७६ च्या पहिल्या एकल अल्बममधील ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’ ही रचना मुख्यतः नैसर्गिक हार्मोनिक आणि त्यांच्याखाली दाबलेले खर्जाचे स्वर यांवर उभी आहे. ती जशीच्या तशी वाजवण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नये, पण तिच्यामागची युक्ती सहज उचलता येते. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनीने जी स्वर दाबून धरावा, आणि करंगळीचे पेर चौथ्या पट्टीच्या किंचित अलीकडे डी व जी तारांवर आडवे टेकवून त्या दोन्ही एकत्र छेडाव्यात. डी तारेवर एफ शार्प आणि जी तारेवर बी निघतो, आणि खालच्या जी स्वराशी मिळून जी मेजर सेव्हन हा कॉर्ड तयार होतो. तर्जनी मुळीच हलू न देता करंगळी उचलणे, हीच यातली खरी अडचण आहे. तर्जनी आता ए तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे सी स्वरावर नेली आणि करंगळीचे काम तसेच ठेवले, तर तेच दोन स्वर अगदी वेगळ्या, अधिक अधांतरी रंगात ऐकू येतात. खालचा एक स्वर बदलल्याने वरच्यांचा अर्थ बदलतो, हे बेसवर जितके स्पष्ट कळते तितके क्वचितच दुसऱ्या वाद्यावर कळत असेल.

नैसर्गिक हार्मोनिकमधून सगळे स्वर मिळत नाहीत, म्हणून कृत्रिम हार्मोनिकची गरज पडते. डाव्या हाताने कोणताही स्वर नेहमीसारखा दाबावा, त्याच्या बारा फ्रेट पुढे उजव्या हाताच्या अंगठ्याची कड तारेला टेकवावी, आणि अंगठ्याच्या पलीकडे, ब्रिजच्या बाजूला, तर्जनीने किंवा मधल्या बोटाने तार छेडावी. वेदर रिपोर्ट या जॅझ-फ्यूजन बँडच्या १९७७ मधील ‘बर्डलँड’च्या सुरुवातीला पास्टोरियसने याच पद्धतीने धून वाजवली आहे, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती बेसवर वाजते आहे हे पटत नाही. डावा हात एक फ्रेट सरकला की अंगठ्यालाही तेवढेच सरकावे लागते. दुसऱ्या फ्रेटवर दाबले तर अंगठा चौदाव्यावर, पाचव्यावर दाबले तर सतराव्यावर. वीस फ्रेटच्या बेसवर नवव्या फ्रेटपासून पुढे अंगठ्याची जागा फिंगरबोर्डच्या बाहेर, नुसत्या लाकडावर किंवा पिकअपवर येते आणि खूण म्हणून काहीच उरत नाही. फ्रेटमधले अंतर वर जाताना कमी होत जाते, त्यामुळे तिथे अंगठ्याची पावलेही आखूड होतात. एकाच तारेवर, एकाच स्केलचे चारपाच स्वर घेऊन ही पावले हाताला शिकवावीत आणि अंगठ्याकडे बघण्याची सवय लवकर सोडावी, कारण बघत बसले की डावा हात चुकतो.