थंडी पडली की बेल्जियन पेल एल लावा

बेल्जियन पेल एल घरी करायची तर डिसेंबर-जानेवारीच गाठा. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आपल्या नाशिकमध्ये आतल्या खोलीत फारशी खटपट न करता १८-२० डिग्री मिळतं, आणि या बिअरचं सगळं गणित त्या तापमानावर आहे. एप्रिलमध्ये लावलेली बॅच मी ओतून दिलीये, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मारत होती. आणि हो, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे परवान्याचं काय ते एक्साइजच्या ऑफिसात आधी विचारा, मगच सामान मागवा.

१० लिटरला लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पावडर) १.४ किलो, भरडलेला कॅरॅम्युनिक माल्ट (रंग देणारा भाजका जव) १५० ग्रॅम, ईस्ट केंट गोल्डिंग हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वाळलेली फुलं) ३० ग्रॅम आणि टी-५८ यीस्टचं एक पाकीट. संत्र्याची साल न् धणे यात नाही घालायचे, ते विटबिअरचं म्हणजे बेल्जियन गव्हाच्या बिअरचं काम, लोक इथेच गल्लत करतात. ही बेल्जियममधल्या अँटवर्पच्या डी कोनिंक बिअरच्या जातीची, तांबूस, आणि मागून येणारा मिरी-लवंगेचा वास यीस्टच देतं.

१६ लिटरच्या पातेल्यात १२ लिटर पाणी ६५-७० डिग्रीला आणा, कॅरॅम्युनिक मलमलीत बांधून अर्धा तास बुडवून ठेवा, मग पुरचुंडी न पिळता काढून घ्या. पाणी उकळलं की गॅस बंद करून मगच एक्स्ट्रॅक्ट घाला, नाहीतर तळाला लागतं. एक्स्ट्रॅक्टचं पाकीट वाफेवर धरून ओतू नका, पावडर वाफ ओढते आणि पाकिटाच्या तोंडाशीच चिक्कीसारखा खडा बसतो, त्यापेक्षा कोरड्या वाडग्यात काढून एकदम टाका आणि ढवळा. परत उकळी येताना दुधासारखं उतू जातं, समोरून हलू नका. फेस बसला की २० ग्रॅम हॉप्स, तिथून एक तास, आणि शेवटची १० मिनिटं उरली की उरलेले १०.

गॅस बंद झाल्यावर बिअरला जे जे लागणार ते सगळं सॅनिटाइझ केलेलंच (जंतुमुक्त) हवं, चमचासुद्धा. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून २० डिग्रीपर्यंत उतरवा, बादलीत उंचावरून ओता म्हणजे हवा मिसळते, वर यीस्ट भुरभुरवा, झाकण, एअरलॉक (आतला गॅस बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी).

आता खरं काम. यीस्ट जोरात असतं तेव्हा बादलीच्या आत खोलीपेक्षा दोन-तीन डिग्री जास्त असतं, म्हणून पहिले तीन दिवस बादलीला माठासारखं ओलं फडकं गुंडाळा, १८ च्या आसपास धरा, मग २२ पर्यंत चढू द्या.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी नळी) बघा, सुरुवातीचं १.०५० जवळपास १.०१३ ला आलेलं असतं. दोन दिवसांच्या अंतराने रीडिंग सेम आलं तरच बाटल्या भरा. मी एकदा घाई केली आणि रात्री माळ्यावर बाटली फुटली, काचा खाली गादीपर्यंत आल्या होत्या, नशीब तिथे कोणी झोपलं नव्हतं. बाटल्या भरण्याआधी ६५ ग्रॅम साखर कपभर पाण्यात उकळून गार करून सगळ्या बिअरमध्ये मिसळा, जाड काचेच्या बिअरच्याच बाटल्या घ्या, बूच लावून तीन आठवडे अंधारात ठेवा.

पिताना फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, फार गार असली तर वासच लागत नाही, आणि तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या.