फौज सोडताय? बाहेरची नोकरी अशी शोधा

सर्विस संपायला वर्षभर असतानाच नोकरीचं बघायला लागा, शेवटच्या महिन्यात धावपळ केली की जे पहिलं हाती येईल ते घ्यावं लागतं. डिस्चार्जचे कागद, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, मेडिकल रेकॉर्ड, सगळ्याच्या कॉप्या युनिटमध्ये असतानाच काढून ठेवा.

आता रेझ्युमे, बहुतेक जण अडकतात ते इथेच. रँक, युनिटचं नाव, शॉर्टफॉर्म यातलं एचआरवाल्याला काही कळत नाही, त्यामुळे काम काय केलं ते साधं सरळ लिहा, म्हणजे हाताखाली किती माणसं होती, किती गाड्या नाहीतर किती किमतीचं सामान सांभाळलं, काय बिघडलं आणि तुम्ही ते कसं मार्गी लावलं. गोपनीय काही नको, ऑपरेशनचे डिटेल्स तर अजिबातच नको. आणि एकच रेझ्युमे सगळीकडे पाठवू नका, जाहिरात वाचून दरवेळी थोडा बदला.

इंटरव्ह्यूत आपल्या तोंडून 'आम्ही केलं' असंच निघतं, पण समोरच्याला तुम्ही स्वतः काय केलं ते ऐकायचंय, फुशारकी वाटली तरी 'मी' म्हणा.

पगाराचा आकडा बघून हुरळू नका, क्वार्टर, मेस, औषधपाणी हे आता खिशातून जाऊ शकतं, ते धरून हिशोब करा. आणि तुमच्याआधी बाहेर पडलेल्यांना फोन लावा, नोकरी मागायला नाही हं, त्यांचं काम दिवसभर नक्की काय असतं ते विचारायला, सिक्युरिटीशिवाय लॉजिस्टिक्स, मेंटेनन्स, ट्रेनिंग अशा बऱ्याच वाटा तिथूनच कळतात.