सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं

जाण्याआधी घरातल्या कर्त्या माणसाला किंवा शेजाऱ्यांना फोन करून वेळ विचारून घ्या. साधी ओळख असेल तर पंधरा-वीस मिनिटं बसलात तरी पुरे. जवळचं नातं असेल तर सरळ कामाला लागा, आल्यागेल्याचा चहा बघा.

पहिलं वाक्य लहान असू द्या. "कळल्यापासून चैन पडेना, म्हणून आलो," एवढं म्हणून गप्प बसलं तरी चालतं. खरी पंचाईत पुढे होते. शांतता पसरली की आपल्यालाच अवघडतं आणि मग "सुटले बिचारे", "देवाच्या मनात होतं", "आता मुलांकडे बघून सावरा" असं काहीतरी तोंडून निघून जातं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या आईबद्दल मुलगी स्वतः "सुटली" म्हणाली, तर मान हलवा, पण आपण होऊन म्हणू नका. जिने रात्री जागून काढल्या, तिला तो शब्द टोचतो.

"कसं झालं हो?" हेही टाळा. तीच हकीकत दिवसभर प्रत्येकाला सांगून ती माणसं थकलेली असतात. त्यावर "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं होतं का?" असं विचारलंत, तर पुढचे कित्येक महिने तोच प्रश्न त्यांच्या डोक्यात फिरत राहतो. त्यापेक्षा गेलेल्या माणसाबद्दल बोला: "दहावीला काकांनी मला रोज संध्याकाळी बसवून गणित शिकवलं होतं." रडू आलं तर येऊ द्या, "रडू नका" म्हणू नका. मूल किंवा तरुण माणूस गेलं असेल, तर जवळ बसणंच खूप.

"काही लागलं तर सांगा" असं सगळेच म्हणतात आणि कोणी काही सांगत नाही. नेमकं काम उचला: "उद्या दुपारी दहा जणांचा पिठलं-भात आणते." किंवा मृत्यूच्या दाखल्याचं बघा. नोंदणीची मुदत 21 दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे ना, हे अर्ज भरतानाच तपासा, नाहीतर बँक आणि विम्याची कामं अडतात. पाच-सहा प्रती एकदमच काढून ठेवा.

निघताना बऱ्याच घरांत "येतो" म्हणत नाहीत. हात जोडून उठावं.

जाणं जमत नसेल, तर श्रद्धांजलीचं तयार चित्र ढकलू नका. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन दोन ओळी लिहा आणि "उत्तर दिलं नाही तरी चालेल" असं जोडा.

तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, घर खायला उठतं. फोन खरा तेव्हा हवा असतो, आणि पुन्हा महिन्याभराने. पहिल्या दिवाळीला अनेक घरांत फराळ करत नाहीत, तेव्हा डबा पोचवा. बोलताना कोणी "आता जगून काय करू" असं वारंवार म्हणू लागलं, तर त्यांना एकटं सोडू नका, घरच्यांच्या कानावर घाला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्यांच्यासोबत बसून लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे.