गूगल आपली साइट स्पॅममध्ये धरतंय का, कसं बघायचं
आधी सर्च कन्सोल (साइटवाल्यांसाठी गूगलचं फुकट टूल) उघडा, त्यात मॅन्युअल ॲक्शन्स नावाचं पान आहे, तिथे काही दिसलं तर समजायचं गूगलच्या माणसाने स्वतः बघून शिक्षा दिलीय, चूक दुरुस्त करून तिथूनच रिव्ह्यू मागायचा. तिथे काहीच नाही तरी ट्रॅफिक आपटलाय? मग आपल्या साइटची पानं चाळा. पुणे प्लंबर, नाशिक प्लंबर, सातारा प्लंबर असं नुसतं गाव बदलून शंभर पानं टाकली असतील तर ती डोअरवे पेजेस, म्हणजे नुसती सर्चमधून लोक ओढायला केलेली पानं, सरळ उडवा आणि एकच नीट पान करा. मार्च २०२४ पासून रँकिंगसाठी ढिगाने पाडलेला फुसका मजकूर पण स्पॅमच, मग एआयने लिहा नाहीतर हाताने. आणि कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्द लिहायची जागा) भरत बसू नका राव, गूगलने २००९ लाच सांगितलंय तो बघत नाही म्हणून.